जग आपल्या दारी आले, बोलणार कोण?

जळगाव शहरात नळ सुटला की घागरीत पडते ते वाघूर नदीचे पाणी. हीच वाघूर वर डोंगरात अजिंठ्याच्या लेण्यांखाली घोड्याच्या नालासारखे वळण घेते, मग खाली आपल्या जिल्ह्यात उतरते आणि तापीला मिळते. ज्या पाण्याकाठी भिक्खूंनी वर्षावास केले, तेच पाणी आज आपल्या चुलीवर उकळते. वाचकहो, ही गोष्ट आपल्या घरात कितीजणांना ठाऊक आहे?

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच-सहा कुटुंबे मिळून एसटीने अजिंठ्याला गेलो. जळगाव स्टेशनापासून साठ किलोमीटरची वाट. शिदोरीला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, सोबत लेकरे, म्हाताऱ्या. २६ व्या लेण्यात तथागतांचे महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे. त्याच्यापुढे श्रीलंकेहून आलेल्या उपासक-उपासिकांचा एक मेळा बसलेला होता. सगळे पांढऱ्या वस्त्रांत. त्यांनी हात जोडले आणि त्रिशरण-पंचशील सुरू केले. आमच्या बायकाही मागे बसल्या आणि आपसूक म्हणू लागल्या. चाल थोडी वेगळी, पण शब्द तेच. एक अक्षर इकडचे तिकडे नाही. ते लोक मागे वळून पाहू लागले. कोण ही साधी माणसे, पाली म्हणणारी?

वंदना संपल्यावर त्यांच्यातली एक वृद्ध उपासिका आमच्यातल्या एका आजीजवळ आली. आजीचे दोन्ही हात हातात धरून ती बराच वेळ काही सांगत राहिली. आजीला एक शब्दही कळला नाही. आम्हालाही नाही. दोघींच्या डोळ्यांत पाणी, दोघी हसतात, पण बोलणे काही होत नाही. एवढ्यात त्यांच्या गाइडने घाई केली आणि मेळा निघून गेला. ती माउली काय सांगत होती हे आता कधीच कळणार नाही.

खाली पायऱ्यांशी एक पोरगा रंगीत दगड विकत होता. जपानी पाहुणे दिसताच त्याने त्यांच्या भाषेत एक ते दहा आकडे मोजले, किंमत सांगितली आणि दोन दगड विकलेसुद्धा. आम्ही विचारले, "कुठं शिकलास रे?" म्हणाला, "ऐकून ऐकून." "पुढं शिकायचं नाही?" तर म्हणाला, "शिकवतं कोण?"

त्या पोराचा हा प्रश्नच आजच्या लेखाचा विषय आहे.

देशादेशांची नाती दिल्लीत जुळतात असे आपण समजतो. मंत्री विमानाने जातात, करारावर सह्या होतात, पेपरात फोटो येतो. पण सही करणारा एक असतो आणि ते नाते रोजच्या रोज चालवणारे दुसरेच असतात. दुभाषी, गाइड, नर्स, मालाचे खोके भरणारी बाई, हिशेब लिहिणारा कारकून, परदेशात शिकायला गेलेला विद्यार्थी, ही ती माणसे. आशियातल्या देशांशी भारताचे नाते वाढावे असे आज सगळेच म्हणतात. आमचे म्हणणे एवढेच की, त्या नात्याची एक जुनी वाट आपल्या खानदेशाच्या अंगणातून जाते, आणि त्या वाटेवर आपली पोरे अजून नुसती कडेला उभी आहेत.

वाट आपल्याच अंगणातली

ही वाट किती जुनी आहे ते आधी पाहू. दोन हजार वर्षांपूर्वी भडोच हे मोठे बंदर होते आणि पैठण ही मोठी पेठ. भडोचहून पैठणला पोचायला वीस दिवस लागत, असे त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. या वाटेची एक शाखा खानदेशातून चाळीसगावच्या बाजूने कन्नडचा घाट चढून वर जाई. त्या घाटाजवळच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या दानाच्या लेखांत पैठणच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे. राजवैद्याच्या घरच्यांची नावे आहेत. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे. तो कण्हदास नावाचा सोनार होता. म्हणजे लेणी केवळ राजांनी केली नाहीत. हाताने काम करणाऱ्यांचा आणि वाटेवरच्या व्यापाऱ्यांचा त्यात वाटा होता.

अजिंठ्याच्या भिंती नीट पाहिल्या तर त्यांवरही आशिया दिसतो. १७ व्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवली आहे, म्हणजे समुद्रापलीकडच्या श्रीलंकेची. २ ऱ्या लेण्यात शिडांचे गलबत आहे. चित्रांतला जो निळा रंग पाहून माणूस थबकतो, तो लाजवर्द नावाच्या दगडाचा. तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. काबूलपलीकडच्या डोंगरातला दगड वाघूरच्या काठी येऊन कुटला गेला आणि भिंतीवर चढला. त्याला आणणारे कितीतरी हात असतील आणि वाटेत भाषा समजून घेणारे कितीतरी लोक.

इ. स. ६४० च्या सुमारास चिनी भिक्खू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे आणि दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णन त्याने लिहून ठेवले. ते अजिंठ्याचेच असे अभ्यासक मानतात. १६ व्या लेण्याच्या वाटेवर ते दोन हत्ती आजही उभे आहेत. हा माणूस चीनमधून पायी आला, नालंदेत राहून आपली भाषा शिकला आणि परत जाऊन उरलेले आयुष्य भाषांतरात घालवले. आपल्या भूमीतले कितीतरी ग्रंथ इथे नष्ट झाले, पण चिनी भाषेत वाचले. ते अशा दुभाष्यांमुळे.

बाबासाहेबांचा आशिया

तुटलेली ही वाट आपल्यासाठी पुन्हा उघडली ती बाबासाहेबांनी. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते श्रीलंकेला गेले. डिसेंबर १९५४ मध्ये त्याच परिषदेसाठी रंगूनला गेले. तिथून आणलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडच्या विहारात बसवली. नोव्हेंबर १९५६ मध्ये, देह ठेवण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, प्रकृती साथ देत नसताना ते काठमांडूच्या परिषदेत उभे राहून बोलले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा दिली ती भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांनी. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला. म्हणजे आपल्या नव्या जन्माच्या क्षणीच आशियाचा एक हात आपल्या डोक्यावर होता.

औरंगाबादेत १९५० साली काढलेल्या कॉलेजला पुढे बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले, तेही सहज नाही. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा भिक्खू. एक परका माणूस प्रश्न विचारतो आणि दुसरा त्याला समजेल अशा रीतीने उत्तर देतो. दोन लोकांमधले नाते कसे असावे हे त्या नावातच आहे. आपल्या खानदेशातली किती पोरे त्या नागसेनवनात शिकून साहेब झाली! धुळेकरांना तर बाबासाहेबांचा सहवास घरचाच. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी ते धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दर वर्षी ३१ जुलैला तिथे आपला समाज लोटतो. त्या दिवशी आपण दर्शन घेतो, भाषणे ऐकतो. पण बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेवर आपण पुढे किती पावले टाकली, याचा हिशेबही त्याच दिवशी मांडायला हवा.

जपान आला, थांबला

आता अलीकडची गोष्ट. १९१७-१८ च्या सुमारास अराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार अजिंठ्यात राहून गेला. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्याने भित्तिचित्रांच्या नकला केल्या आणि त्या तोक्योला नेल्या. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत त्या नकला जळून गेल्या. जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या भिंतींवर जी जुनी बौद्ध चित्रे होती, त्यांचे अजिंठ्याशी साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी त्यांनाही आग लागली. या आगीने तो देश एवढा हळहळला की पुढच्याच वर्षी तिथे वारसा जपण्याचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा दिवस तिथे वारशाला आगीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात.

अशा देशाने पुढे अजिंठा-वेरूळसाठी पैसा दिला यात नवल नाही. १९९२ साली पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ३७४ कोटी येन आणि २००३ साली दुसऱ्या टप्प्यासाठी सुमारे ७३३ कोटी येन. ही देणगी नव्हे, कर्ज होते, हे लक्षात ठेवावे. त्यातून रस्ते, पाणी, झाडे, लेण्यांची डागडुजी आणि विमानतळाचे काम झाले. अजिंठ्याच्या पायथ्याशी मोठे अभ्यागत केंद्र उभे राहिले. लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, म्हणजे खऱ्या चित्रांवर गर्दीचा श्वास आणि घाम कमी पडावा. पण पुढे काही वर्षांतच वीज-पाण्याची बिले थकली आणि या केंद्राला टाळे लागण्याची पाळी आली होती. पैसा परदेशातून आणता येतो, इमारतही बांधता येते. ती रोज झाडून-पुसून चालवणारी, पाहुण्याला समजावून सांगणारी माणसे मात्र इथलीच तयार करावी लागतात. ती केली नाहीत तर कर्ज तेवढे उरते.

जपानने आपल्याकडे यावे तसे आपणही तिकडे गेलो. महाराष्ट्र आणि जपानचा वाकायामा प्रांत यांच्यात २०१३ साली सहकार्याचा करार झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या पुतळ्याखालचे अक्षर वाचू शकेल अशी एक तरी मुलगी जळगाव-धुळ्याच्या आपल्या वस्तीत आहे का?

केळी गेली, डाळ आली

कुणी म्हणेल, ही सगळी लेण्यांची आणि पुतळ्यांची गोष्ट झाली, पोटाचे काय? तर पोटाची गोष्टही आशियाशीच बांधलेली आहे.

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीबागांत आपले किती भाऊ राबतात! घड कापून डोक्यावर वाहायचा, गाडी भरायची. अंगावरच्या कपड्यांना लागलेला चिकाचा डाग मरेपर्यंत निघत नाही. पूर्वी घडच्या घड वाघिणीत नाही तर ट्रकमध्ये रचून दिल्लीकडे जात. आता चित्र बदलले आहे. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. इराण, इराक, ओमान, अमिरात हे भारताच्या केळीचे मोठे गिऱ्हाईक आहेत.

पण परदेशी जाणारी केळी आपटत-धोपटत चालत नाही. घडाच्या फण्या सोडवायच्या, चीक निथळू द्यायचा, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, जाडी-लांबी मापून निवडायच्या, तेरा किलोच्या खोक्यात भरायच्या. मग शीतगृहात तेरा-चौदा अंशांवर ठेवायच्या. त्याच्या खाली उतरले तर साल काळवंडते, फार वर गेले तर माल वाटेतच पिकतो. तिथून बर्फगार कंटेनरमधून न्हावाशेवा बंदर. या सगळ्या साखळीत घड वाहण्याचे काम आपले. प्रत तपासणारा, कागदपत्रे करणारा, शीतगृहाचे यंत्र सांभाळणारा, दुबईच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलणारा यांत आपला पोरगा क्वचित दिसतो. ही कामे काही आकाशातली नाहीत. बारावी, आयटीआय किंवा पदवीनंतर थोडे शिकून करता येतील अशी आहेत.

डाळीचेही तसेच. जळगावच्या डाळमिलांचे नाव देशभर आहे. त्यांत भरडली जाणारी सगळी तूर-उडीद इथली नसते. पुष्कळ माल म्यानमारहून येतो. २०२१ साली भारताने म्यानमारशी पाच वर्षांसाठी करार केला, दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा. रंगूनहून बाबासाहेबांनी मूर्ती आणली. त्याच रंगूनच्या बंदरातून निघालेली तूर आपली बहीण जळगावच्या मिलमध्ये निवडते आणि संध्याकाळी तिचे वरण करते. तिकडे पाऊस कमी झाला किंवा राजवट बदलली तर इथे मिलची पाळी बंद पडू शकते. तेव्हा आशिया दूर आहे असे मजूर माणसाने तरी म्हणू नये.

आईबापांनी काय करावे

पोरगा शिकला तर पुण्या-मुंबईला जाईल, फार झाले तर लंडन-अमेरिका, एवढीच आपली कल्पना. आशियातली दारे आपण ठोठावतच नाही. म्हणून काही गोष्टी इथे सांगतो.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. वर्षाला ७५ विद्यार्थ्यांची ही योजना. तोक्यो, क्योतो, सिंगापूर, सेऊलची नामांकित विद्यापीठेही जगाच्या वरच्या यादीत असतात. अटी बदलत राहतात, म्हणून जळगाव किंवा धुळ्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाची जाहिरात पाहावी. जपान सरकारचीही स्वतःची शिष्यवृत्ती आहे. तीत फी माफ, दरमहा खर्चाला पैसे आणि विमानाचे तिकीट मिळते. बिहारमध्ये राजगीरला नवे नालंदा विद्यापीठ २०१४ पासून सुरू आहे. तिथे बौद्ध विद्येच्या वर्गात आशियातल्या अनेक देशांची मुले शेजारी बसतात. पालीला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा दिला, तोही मराठीसोबतच. वंदनेत जी भाषा आपण रोज उच्चारतो, तिचा अर्थ शिकून पुण्याच्या विद्यापीठात पदवी घेता येते, हे किती घरांत माहीत आहे?

कामगार म्हणून जायचे असेल त्यांच्यासाठी भारत-जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांचा करार झाला आहे. वृद्धांची शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया, इमारतींची सफाई अशी कामे त्यात येतात. त्यासाठी कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. भाषेच्या पाच पायऱ्या आहेत, खालून दुसरी पायरी पुरते. मन लावले तर साधारण वर्षभरात ती गाठता येते.

मात्र एक सूचना कळकळीने देतो. परदेशी पाठवतो म्हणून दागिने मोडायला लावणारे दलाल आपल्याही वस्त्यांत फिरतात. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोंदलेल्या एजंटाला कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती देत नाही, पर्यटनाच्या व्हिसावर पाठवतो, लाखांत बोलतो, अशा माणसाला दारातूनच परत लावावे. घर गहाण ठेवून गेलेल्या पोराला तिकडे मालकापुढे मान वर करता येत नाही.

विहारात एक तास

आता शेवटचे, आणि आमच्या मते मुख्य. त्या दगड विकणाऱ्या पोराने विचारले होते, शिकवतं कोण? उत्तर आपल्याकडेच आहे. रविवारी आपण विहारात जमतो. वंदना होते, खीर होते, घरी जातो. वंदनेनंतर एक तास भाषेसाठी ठेवला तर? एका विहाराने जपानी घ्यावी, दुसऱ्याने थाई किंवा सिंहली, तिसऱ्याने नीट अर्थासह पाली. आज मोबाईलवर पहिले धडे फुकट मिळतात. मोबाईल प्रत्येक घरात आहे, त्यावर पोरे काय पाहतात तेही आपल्याला माहीत आहे. एखादा निवृत्त शिक्षक वर्गाला शिस्त लावील. अजिंठ्यावर राबणाऱ्या गाइडला महिन्यातून एकदा भाड्याचे पैसे देऊन बोलवावे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तर पाच मुलांची परीक्षा फी आणि पुण्याला जाण्याचे भाडे निघते. हा हिशेब मंडळाच्या पोरांनीच करून पाहावा.

आणि या वर्गात मुलींना पुढे बसवावे. घरी धाकट्यांना शिकवते ती मुलगीच. पोरगा एकटा शिकतो, पोरगी शिकली की घर शिकते.

आमच्यासोबत आलेली ती आजी आता रोज नातीच्या मागे लागते. "तिकडची बाई मले काय सांगत होती, ते तू शिक अन मले सांग." नातीने सिंहली अक्षरे गिरवायला घेतली आहेत. अजून वाक्य जुळत नाही. पण पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा अजिंठ्याला जाणार आहोत, आणि तेव्हा हात हातात घेतल्यावर निदान नाव-गाव तरी विचारता येईल अशी तयारी चालू आहे. उद्या आपल्या वस्तीतल्या एखाद्या आईने शेजारणीला अभिमानाने सांगावे, "मनी पोर जपानी बोलस." तो दिवस आणणे आपल्याच हातात आहे.

जयभीम!